दोनशे बारा पावलं

सप्टेंबरातल्या एका रविवारी रात्री
पालिकेची माणसं आली, फावडी नि कंदील घेऊन,
आणि सकाळी आमच्या ग्रोनिंगनचे चार तुकडे झालेले.
भिंत नाही, खंदक नाही.
नुसते लाल-पांढरे गोल फलक
आणि दोन अवजड कुंड्या,
त्यांतल्या जिरॅनियमनं अजून मूळही धरलेलं नव्हतं.

गाडीनं या तुकड्यातून त्या तुकड्यात जायचं नाही.
बाहेर पडा, शहराला वळसा घाला, पुन्हा आत शिरा.
पायी जाणाऱ्यांना
कुणालाच काही म्हणायचं नव्हतं.

माझे वडील वुब्बो डाइकेमा, पडद्याच्या कापडाचे व्यापारी.
दुकान पूर्वेच्या तुकड्यात.
आजोबा बाजारचौकापलीकडे, दक्षिणेच्या,
खिडकीशी बसून दुपारच्या सुपाची वाट बघणारे.
मधलं अंतर दोनशे बारा पावलं.
(मी मोजली होती. नऊ वर्षांची होते,
दिसेल ते मोजायचे.)

वडील म्हणाले,
बावीस वर्षं गाडीनं जातोय, गाडीनंच जाईन.

आणि आमची पिवळी काडेट निघायची,
वाटाण्याच्या सुपाचं पातेलं माझ्या पायांत धरून.
पूल, गोदामं, साखर कारखान्याचा गोडूस कुबट वास,
रेल्वेचं फाटक, तिथं हमखास मालगाडी,
साडेचार किलोमीटरांचा द्राविडी प्राणायाम,
शिवाय जागा शोधत तीन फेऱ्या,
कारण नेहमीच्या जागी आता
सायकली टेकायचे दांडे.
सूप पोचायचं तेव्हा त्यावर जाड साय.
आजोबा ती चमच्यानं बाजूला सारत विचारायचे,
"शहर वाढलं काय रे?"

दुकानात गिऱ्हाईक येईना.
शेतांवरच्या त्या बायका, नवऱ्याला दारात गाडीत बसवून
अर्धा अर्धा तास मखमल चाचपणाऱ्या,
कुठं गेल्या कोण जाणे.
वडिलांनी काचेवर कागद डकवला:
या रस्त्याचा खून झाला आहे.
शेजारचा सायकलवाला हार्म ते वाचून मोठ्यानं हसला.
दोघांचं बोलणं तुटलं ते अकरा वर्षं.

आणि यांत्येबाई, कुबड्यांवर चालणाऱ्या.
त्यांचा मुलगा त्यांना शनिवारी केशकर्तनालयाच्या
अगदी पायरीशी उतरवायचा.
फलकावर त्यांच्यासाठी एक ओळ लिहावी
हे पालिकेला वसंतात सुचलं.
तोवर त्यांनी केस घरीच, स्वतःच कापले होते,
वेडेवाकडे.

नोव्हेंबरात, धुक्यात, काडेट सुरूच होईना.
वडिलांनी चार वेळा किल्ली फिरवली,
बॉनेटला एक शिवी हासडली,
पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि चालू लागले.
मी मागे.
चौकाच्या मधोमध ते थांबले.
मला वाटलं, हात भाजला.
ते खाली बघत होते, बुटांकडे.
एक पाऊल टाकलं, ऐकलं.
मग दुसरं.
बोलले काहीच नाहीत.

त्या दिवशी सूप इतकं गरम पोचलं
की आजोबांची जीभ पोळली
आणि त्यांनी पन्नाशीच्या मुलाला
सात वर्षांच्या पोरासारखं फैलावर घेतलं.

गाडी दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाली होती.
वडिलांनी ते आम्हाला सांगितलं एप्रिलमध्ये.
काचेवरचा कागद मात्र काढला नाही,
उन्हानं उडत गेला, आधी खून, मग रस्ता.

आता दुकानाच्या जागी कॉफी मिळते.
बाहेर टेबलं, पोरंटोरं, एक आळसट कुत्रा,
जिथं काडेट उभी असायची बरोब्बर तिथं.
गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर
मुलानं मला वाहनतळावर सोडलं,
त्याच्या पुढं त्यालाही येता येत नाही.
चौक ओलांडताना सवयीनं मोजत गेले.
तीनशे चाळीस,
आणि मध्ये दोनदा बसले.

शहर वाढलं काय रे, मी कुत्र्याला विचारलं.
त्यानं एक डोळा उघडला.
जागा सोडली नाही.